लायसन ते पहिली ओव्हर-अंडर बंदूक: उदगीरहून माझा अनुभव

बारा बोअरची ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक आता माझ्या नावावर आहे आणि जमेल तसं मी रेंजवर जाते. हे सगळं व्हायला दोन वर्षं गेली आणि त्या काळात मराठीत कुठंच नीट लिहिलेलं सापडलं नाही, जे होतं ते एकतर पिस्तुलाच्या लायसनबद्दल नाहीतर अमेरिकेतल्या दुकानांबद्दल. म्हणून क्रमानं सगळं लिहिते, लांबेल, पण लातूर-नांदेड-बीडकडच्या कुणाला उपयोग झाला तर बरं. मी उदगीरची, आमचं कृषी सेवा केंद्र आहे, घरात आधी कुणी नेमबाज नाही.

बंदूक म्हटलं की पहिला प्रश्न शिकारीचा येतो. तर आपल्याकडं शिकार बंद आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर खेळ म्हणून शिकार करायचं लायसन हा प्रकारच राहिला नाही. तितर असो की लावरी, तुमच्या स्वतःच्या रानात का असेना, मारता येत नाही. मला हे मनापासून पटतं. आमच्या रानात सकाळी तितर ओरडतात, तो आवाज राहायला पाहिजे असं मला वाटतं. मी बंदूक घेतली ती फक्त क्लेसाठी, म्हणजे हवेत फेकलेली थाळी फोडायला. तरीपण शिकारीचा विषय पुढं परत येणारच आहे, कारण आपल्याकडं जुन्या बाजारात ज्या दुनळी बंदुका मिळतात त्यातल्या बऱ्याच पक्ष्यांसाठी बनलेल्या आहेत, आणि हे समजलं नाही तर निवड चुकते.

सुरुवात डिसेंबर 2022 ला झाली. धाकटा भाऊ हैदराबादला नोकरीला, लिंगमपल्लीजवळ राहतो, उदगीरहून बिदर-विकाराबाद मार्गे रेल्वेनं सोयीचं पडतं. गच्चीबावलीला हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात शूटिंग रेंज आहे, 2007 च्या मिलिटरी वर्ल्ड गेम्सच्या वेळची, तिथं तो मला बघायला म्हणून घेऊन गेला. ट्रॅप या क्लेच्या खेळात एका रेषेत पाच जागा असतात, समोर 15 मीटरवर खंदकात 15 मशीन, तुम्ही आवाज दिला की त्यातल्या कुठल्यातरी मशीनमधून थाळी सुटते, डावीकडं, उजवीकडं की सरळ ते आधी कळत नाही. थाळी 110 मिलिमीटरची, वजन 105 ग्रॅमच्या आसपास, नावाला क्ले, पण असते पिच (डांबरासारखा पदार्थ) आणि चुनखडीच्या भुकटीची. एका राउंडला 25. नीट बसली की तिची हवेतच भुकटी होते. मला वाटलं होतं फार आवाज, फार दणका, आपल्याला काय झेपणार, पण कोच सरांनी 24 ग्रॅम छर्ऱ्यांच्या हलक्या काडतुसानं सुरुवात करून दिली आणि पहिली थाळी फुटली तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही, भाऊ सांगतो की मी मोठ्यानं आईला हाक मारली. दुकानाची उधारी, खताचा स्टॉक, पोरांच्या परीक्षा, त्या दोन सेकंदात डोक्यात काहीच राहत नाही, यासाठीच मी परत परत गेले.

2023 चा पूर्वार्ध क्लबच्या बंदुकीवर गेला, आणि माझा सगळ्यांना पहिला सल्ला हाच, लायसनचा अर्ज करायच्या आधी निदान काही महिने क्लबच्या बंदुकीवर खेळा. एक तर तुम्हाला खरंच आवडतंय का ते कळतं (खर्च आहे, 25 क्ले आणि काडतुसं धरून एक राउंड मला साधारण दोन-अडीच हजाराला पडायचा, त्यामुळं महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच जमायचं), आणि दुसरं म्हणजे आपल्या शरीराला काय लागतं ते कळतं. माझी उंची पाच फूट दोन इंच. क्लबच्या बंदुका पुरुषांच्या मापाच्या, दस्ता (खांद्याला टेकायचा लाकडी भाग) लांब, त्यामुळं बंदूक खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाकडं सरकायची आणि घरी आल्यावर दंड काळानिळा. कोच सरांनी सांगितलं की हा दोष ताकदीचा नाही, मापाचा आहे. हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

डोळ्याची चाचणी पण तेव्हाच करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवायचं, त्यातून लांबचा खांब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्यानं खांब जागेवर दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा मुख्य डोळा डावा निघाला तर छर्रे थाळीच्या बाजूनं जातात आणि माणूस बंदुकीला दोष देत बसतो. माझा उजवाच आहे पण दमल्यावर डावा जोर करतो, म्हणून चष्म्याच्या डाव्या काचेवर टेपचा छोटा तुकडा लावते.

आता लायसन. मी ऑगस्ट 2023 मध्ये अर्ज केला. आधी ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म भरायचा, मग त्याची प्रिंट आणि कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं अर्ज आयुक्तांकडं जातो, आमचं लातूर जिल्हाधिकाऱ्यांकडं. आधार, रहिवासी, जन्मतारखेसाठी शाळेचा टीसी, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं सर्टिफिकेट, शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, बंदूक घरी सुरक्षित कुलपात ठेवीन असं हमीपत्र, आणि खेळासाठी मागताय म्हणून रायफल असोसिएशनचं सदस्यत्व आणि पत्र. प्रत्येक कागदाचे तीन सेट करा, कधी कुणाला लागेल सांगता येत नाही, आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. वय 21 पूर्ण पाहिजे हे माहीत असेलच.

सगळ्यात महत्त्वाची टीप इथंच देते. फॉर्ममध्ये लायसन कुठल्या क्षेत्रासाठी पाहिजे ते विचारतात. उदगीरहून हैदराबादला गाडीनं जायचं तर बिदर लागतं ते कर्नाटकात, पुढं जहीराबाद तेलंगणात, म्हणजे एका सकाळी तीन राज्यं. फक्त महाराष्ट्राचं लायसन घेऊन बंदूक तिकडं नेता येत नाही. म्हणून मी संपूर्ण भारत मागितलं आणि रेंज कुठं आहे, का लागतं हे वेगळ्या पत्रात लिहून जोडलं. सीमेवरच्या तालुक्यांतल्या लोकांनी हे विसरू नका.

पोलीस पडताळणी सप्टेंबरमध्ये चालू झाली. ठाण्यातून फोन, मग जबाब, शेजाऱ्यांचे जबाब, मग फाईल उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, तिथून अधीक्षक कार्यालयात, तहसीलचा अहवाल वेगळा. घरी आलेले हवालदार भले होते, चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, बंदूक कशाला घ्यायलाव? कुणाशी वाद हाय का?" मी क्लेचं सगळं सांगितलं, मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या ट्रॅपच्या पुरुष टीमला गोल्ड मिळालं होतं, त्यातला कायनन चेनाई हैदराबादचा, त्यानं वैयक्तिक ब्राँझ पण घेतलं. ते दाखवल्यावर हवालदारांनी वहीत "क्रीडा" असं ठळक लिहिलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "खेळायली ती, खेळू द्या की." घरात त्यांचा विरोध असता तर मी पुढं गेले नसते, हे खरं आहे.

फाईल जानेवारी 2024 ला परत जिल्हाधिकारी कार्यालयात पोचली आणि मग 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत नवीन लायसन देत नाहीत. आमच्याकडं मतदान 7 मे ला, निकाल 4 जूनला, तोपर्यंत फाईल जागेवर. या काळात मी फार निराश झाले होते, दर आठवड्याला फोन करावा वाटायचा. उपयोग नसतो. निवडणुकीचं वर्ष असेल तर तसाच हिशोब धरून अर्ज करा. जुलैमध्ये सुनावणीला बोलावलं, साहेबांनी विचारलं की खेळायचंच असेल तर एअर रायफल का नाही, तिला तर लायसनचा एवढा व्याप नाही. प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं की एअर रायफलचं लक्ष्य स्थिर असतं, मला उडती थाळी फोडायचा खेळ येतो आणि तो शॉटगनशिवाय, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीशिवाय, होत नाही, आणि रेंजच्या स्कोअरशीट दाखवल्या. स्कोअरशीट जपून ठेवा, मला वाटतं काम त्यांनीच केलं. ऑगस्टमध्ये लायसन हातात आलं. त्यावर बंदूक घ्यायची मुदत लिहिलेली असते ती आधी वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसनची मुदत पाच वर्षं झालीय आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं.

मग खरा प्रश्न, कुठली घ्यायची. बाहेरून नवीन बंदूक मागवणं साध्या माणसाला शक्य नाही, ती सवलत ठराविक दर्जा गाठलेल्या नेमबाजांना असते, त्यामुळं देशात आधीच असलेल्या बंदुकांतूनच निवडायचं. हैदराबादच्या एका जुन्या दुकानात मी दोन दिवस बसून होते. दुकानदार चाचा सत्तरीचे, दख्खनीत बोलायचे, घाई अजिबात नाही. त्यांनी आधी एक इंग्लिश साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी नळ्यांची बंदूक, हातात दिली, नक्षीकाम बघत राहावं अशी, तीन किलोच्याही आत. उचलायला हलकी कारण ती दिवसभर रानात घेऊन फिरायला बनलेली, माणूस दिवसभरात मोजक्याच गोळ्या झाडणार. पण रेंजवर एका सकाळी शंभर काडतुसं उडतात, तिथं हलकी बंदूक सगळा दणका खांद्याला देते. शिवाय तिचा चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, 65 मिलिमीटरचा होता आणि आजची बरीच काडतुसं 70 ची असतात. 70 चं काडतूस जुन्या 65 च्या चेंबरमध्ये बसल्यासारखं वाटतं, पण झाडल्यावर ते उलगडायला जागा राहत नाही आणि प्रेशर धोक्याच्या वर जातं. जुनी बंदूक घेताना नळीवरचे शिक्के जाणकाराकडून वाचून घ्या, आणि नळीवर लाटालाटांची दमास्कस नक्षी असेल तर ती शोभेसाठी ठेवा, आजचं काडतूस तिच्यात घालू नका.

ओव्हर-अंडर का, तर नळ्या एकावर एक असल्यानं डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी येते, थाळीच्या मागं जाणं सोपं जातं, आणि पहिली गोळी खालच्या नळीतून सुटते, ती नळी खांद्याच्या रेषेत असल्यानं तोंड वर कमी उचलतं आणि दुसऱ्या गोळीला तुम्ही तयार असता. ट्रॅपमध्ये एका थाळीला दोन गोळ्या मिळतात म्हणून याला महत्त्व आहे.

चाचांनी दुसरी दाखवली ती इटालियन ट्रॅप गन, 32 इंच नळी, पावणेचार किलोच्या वर. अप्रतिम. नळी लांब असली की झोका सावकाश आणि सरळ राहतो, दस्त्याची वरची कड उंच असते त्यामुळं बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, कारण ट्रॅपची थाळी कायम वर चढत असते आणि तुम्हाला ती झाकून मारावी लागत नाही. किंमत माझ्या आवाक्याबाहेर होतीच, पण पैसे असते तरी घेतली नसती. खांद्याला लावून मनात वीस मोजेपर्यंत डावा हात थरथरायला लागला. हे करून बघाच, दुकानात सगळ्यांच्या समोर लाजू नका. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग उजवा डोळा उघडायचा, पट्टी सरळ दिसली आणि टोकाचा मणी मधोमध आला तर बंदूक तुमच्या मापाची. मान वाकडी करून जुळवावं लागलं तर तुमची नाही, मग नाव कितीही मोठं असो.

माझी बंदूक शेवटी नांदेड जिल्ह्यातल्या एका घरात मिळाली. रशियन बायकल, ओव्हर-अंडर, 70 चा चेंबर, नळ्या साधारण साडेअठ्ठावीस इंच, वजन 3.4 किलो. मालक वयस्कर, त्यांच्याकडं ती बरीच वर्षं नुसतीच पडून. त्यांच्या वडिलांच्या काळात घरात तितर-लावरीच्या शिकारीच्या मोठमोठ्या गोष्टी होत्या, त्यांनी सांगितल्या, मी ऐकल्या. म्हणाले, "ताई, थाळ्याच फोडा, लई बरं वाटंल मला." सव्वातीन लाखाला ठरलं. माझ्यासोबत चाचांच्या ओळखीचा कारागीर होता, त्यानं पुढचं लाकूड काढून बंदूक हलवून बघितली (बिजागरीत खडखड नको), बंदूक उघडायची वरची चावी बंद झाल्यावर कुठं थांबते ते बघितलं, मधल्या रेषेच्या उजवीकडं थांबली म्हणजे झीज कमी, नळीतून उजेडाकडं बघून आतल्या कड्या गोल दिसतात का ते तपासलं, कडी वाकडी दिसली तर तिथं पोचा असतो. कारागिराचे दोन हजार गेले, पण ते पैसे वाचवू नका.

इथं एक नियम फार लोकांना माहीत नसतो. एका माणसाकडून दुसऱ्यानं बंदूक घ्यायची तर विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं, आर्म्स ॲक्टमध्येच आहे. आम्ही सप्टेंबरमध्ये कळवलं, तोवर 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, नांदेडला तर लोकसभेची पोटनिवडणूक पण त्याच वेळी, त्यांची बंदूक ठाण्यात जमा झाली. 23 नोव्हेंबरच्या निकालानंतर ती सुटली आणि डिसेंबर 2024 मध्ये माझ्या लायसनवर चढली. बंदूक घेतल्यावर ती आणि कागद घेऊन नंबरची नोंद करून घ्यायची, ठाण्यातही कळवायचं. आचारसंहितेत बंदूक जमा करण्यातून राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या सदस्य खेळाडूंना सूट मिळू शकते, त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो.

आता ही मुळात रानातली बंदूक, तिला क्लेच्या कामाला लावायचं होतं. दस्ता कारागिरानं जवळपास एक इंच कापला, कापलेला तुकडा मी जपून ठेवलाय, विकायची वेळ आली तर परत जोडता येतो. मागं रबरी पॅड, आणि गाल टेकतो तिथं चामड्याची दोरीनं बांधायची पट्टी, त्यामुळं कड उंच झाली, बंदुकीला छिद्र पाडावं लागलं नाही. हे सगळं नऊ हजारात. मग रेंजवर मोठ्या कागदावर मारून छर्रे कुठं बसतात ते बघितलं, पट्टी बांधायच्या आधी निशाण्याच्या वर-खाली सारखे बसायचे, आता जास्त वर बसतात, ट्रॅपला असंच पाहिजे. चोक, म्हणजे छर्रे कमी पसरावेत म्हणून नळीचं तोंड अरुंद केलेलं असतं ते, खालच्या नळीला मॉडिफाइड (मध्यम), वरच्या नळीला फुल (घट्ट), दोन्ही पक्के, बदलता न येणारे. ट्रॅपला पहिली गोळी थोडी मोकळी आणि दुसरी घट्ट हे चालतं. स्कीट हा क्लेचा दुसरा प्रकार खेळायचा असेल तर मात्र ही नको, स्कीटला थाळी जवळून जाते, तिथं जवळपास उघडी नळी लागते.

माझा चुलतभाऊ टेक्सासला असतो, तिथं 1 सप्टेंबरपासून होल्यांचा सीझन कायदेशीर असतो, त्यानं विचारलं की क्ले आणि पक्षी दोन्हीला एकच बंदूक कुठली. जिथं कायदा परवानगी देतो तिथल्या लोकांसाठी माझं मत असं, 28 किंवा 30 इंच नळी, सव्वातीन-साडेतीन किलोच्या दरम्यान, स्क्रूचे बदलता येणारे चोक आणि कड खालीवर करता येणारा दस्ता. रानात मोकळे चोक, रेंजवर घट्ट. सेफ्टीचं पण बघा, रानातल्या बंदुकीत उघडून मिटली की सेफ्टी आपोआप लागते, रानात ते चांगलंच, पण क्लेला आवाज दिल्यावर ट्रिगर अडकला तर थाळी निघून जाते. आणि अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद आहेत, स्टील वापरायचं असेल तर जुन्या घट्ट चोकच्या नळीत घालू नका, नळी खराब होते.

काडतुसांचं शेवटी सांगते कारण मला ते शेवटी समजलं. माझ्या लायसनवर एका वेळी 100 आणि वर्षाला 200 असं लिहिलंय. 200 म्हणजे एका थाळीला एकच गोळी धरली तरी आठ राउंड, दोन धरल्या तर चारच. खेळाडू म्हणून जास्तीचा कोटा असोसिएशनमार्फत मागावा लागतो, त्याचं पत्र अजून यायचंय, तोवर मोजून खेळते. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं दुकानात मिळतात, पण क्लेला साडेसात, आठ नंबरचे बारीक छर्रे पाहिजेत, ते नेहमी मिळत नाहीत, फोन करूनच निघा. प्रत्येक खरेदीची नोंद लायसनवर होते, पावत्या एका फाईलमध्ये ठेवा. प्रवासात बंदूक उघडून, नळ्या वेगळ्या करून पेटीत, काडतुसं वेगळ्या बॅगेत, लायसनची मूळ प्रत जवळ. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवा, आणि बंदुकीच्या कपाटाची चावी घरात कुठं आहे हे तुमच्याशिवाय कुणालाही, पोरांना तर अजिबातच, माहीत नसू द्या. कुणाला अर्जातल्या पत्राचा नमुना पाहिजे असेल तर सांगा, माझं नाव-नंबर काढून देते.